खालच्या कोपऱ्यातली सही

कृत्रिम बुद्धिमत्तेनं काढलेल्या चित्रांवरून गेली काही वर्षं जो वाद चालला आहे, तो आज कुठवर आलाय ते लिहून द्या, असं संपादकांनी सांगितलं. मी भोकरला चित्रकला शिकवतो. मुंबईच्या गॅलऱ्यांत माझी ऊठबस नाही आणि कॉम्प्युटरचं शिक्षणही नाही. पण या वादाचा एक अंक आमच्या गावात वीसेक वर्षांपूर्वीच होऊन गेला. त्याला तेव्हा कोणी वाद म्हटलं नाही, एवढंच. म्हणून सुरुवात तिथून करतो.

पाटी रंगवणारे

कल्याण–निर्मल महामार्ग भोकरमधून जातो. त्या रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या एके काळी पेंटर रंगवायचे. आधी पत्र्यावर पांढरा हात द्यायचा. मग दोन टोकांना रंग लावलेलं सूत ताणून धरायचं, मधोमध चिमटीत उचलून सोडायचं, की सरळ रेघ उमटायची. दोन रेघांच्या मध्ये खडूनं अक्षरं बसवायची आणि मग ऑइलपेंट. 'कृषी सेवा केंद्र' या शब्दांतला 'कृ' कुणाचा हे आम्ही पोरं लांबून ओळखायचो. ओळखता नाही आला तर खाली उजव्या कोपऱ्यात पेंटरचं नाव असायचंच, बारीक, तिरकं.

मग फ्लेक्स आला. पेंटरांतले दोघे-तिघे कॉम्प्युटरवर कोरल शिकून प्रिंटिंगच्या दुकानात बसले, एक घरांना रंग द्यायला लागला, बाकीच्यांचं काय झालं ते गावानं विचारलं नाही. फ्लेक्सच्या खालच्या कोपऱ्यात आता प्रिंटिंगवाल्याचा मोबाइल नंबर असतो.

गेल्या गणेशोत्सवात अशाच एका दुकानात बसलो होतो. ऑपरेटर मुलगा एका मंडळाचा बॅनर करत होता. पूर्वी तो विकत घेतलेल्या फाइलींतून महाल, ढग, सिंहासन उचलून जोडायचा. या वेळी त्यानं फोनवरच्या अॅपला मराठीत सांगितलं, आणि अर्ध्या मिनिटात ढगांत बसलेला गणपती आला. छान होता. फक्त एका हाताला सहा बोटं होती. मुलगा जराही विचलित झाला नाही. त्यानं जुन्या फाइलींतला एक मोदक उचलून त्या हातावर ठेवला. म्हणाला, "बोटं जास्त आली की मोदक टाकायचा, सर."

यंत्र पहिल्यांदा आलं तेव्हा

चित्र आणि यंत्र यांचं भांडण महाराष्ट्राला नवं नाही. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये गिरगावात छापखाना काढला, यंत्रं आणि तंत्रज्ञ जर्मनीहून आणले. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तेलचित्रावरून रंगागणिक वेगळे दगड तयार करून छापलेल्या त्या ओलिओग्राफांमुळे लक्ष्मी-सरस्वती राजवाड्यांतून निघून माजघरात आल्या. आनंद कुमारस्वामींसारख्यांना रविवर्म्यांची चित्रं नाटकी, परदेशी वळणाची वाटली. लोकांनी त्यांना हार घातले. मूळ चित्र आणि त्याची प्रत यांत देव कशात, हा प्रश्न पूजा करणाऱ्यांना पडलाच नाही. आजच्या वादात 'फोटोग्राफी आली तेव्हाही असंच म्हणत होते' हे वाक्य हमखास येतं. आपल्याकडे त्याच्या जोडीला हा छापखानाही आठवायला हवा. पण त्याच्यात आणि आजच्या यंत्रात एक फरक आहे. ओलिओग्राफच्या खाली रविवर्मा प्रेसचं नाव छापलेलं असे. प्रत कुणाच्या चित्राची, हे लपलेलं नव्हतं.

कॉम्प्युटरनं चित्र काढण्याची खटपटही बरीच जुनी. हॅरॉल्ड कोहेन या ब्रिटिश चित्रकारानं १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला 'आरोन' नावाचा प्रोग्राम लिहायला घेतला आणि तो मरेपर्यंत सुधारत राहिला. त्यात चित्राचे नियम माणूस लिहीत होता. २०१४ नंतर उलटं झालं. यंत्राला नियम सांगायचे नाहीत, हजारो चित्रं दाखवायची आणि नियम त्यानंच काढायचे. याच पद्धतीनं केलेलं 'एडमंड द बेलामी' हे धूसर व्यक्तिचित्र ऑक्टोबर २०१८ मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात ४,३२,५०० डॉलरला गेलं. अंदाज होता ७ ते १० हजारांचा. त्या चित्राच्या खालच्या कोपऱ्यात सहीच्या जागी एक गणिती सूत्र लिहिलं होतं. ते विकणाऱ्या फ्रेंच मंडळींनी रॉबी बॅरट या तरुणानं खुला ठेवलेला कोड वापरला होता, म्हणजे सहीचा घोळ पहिल्याच मोठ्या विक्रीत झाला. त्याच वर्षी दिल्लीच्या नेचर मोर्त गॅलरीत 'ग्रेडियंट डिसेंट' हे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कलेचं प्रदर्शन भरलं. त्यात हर्षित अग्रवाल हे आपल्याकडचे चित्रकार होते.

तोवर हा सगळा मोजक्या लोकांचा खेळ होता. २०२२ मध्ये मिडजर्नी, डॅल-ई २, स्टेबल डिफ्यूजन आले आणि खेळ सगळ्यांच्या हाती गेला. त्याच वर्षी कोलोरॅडोच्या जत्रेतल्या चित्रस्पर्धेत जेसन अॅलन यांच्या मिडजर्नीवर केलेल्या चित्राला बक्षीस मिळालं. पुढच्या वर्षी बोरिस एल्डाग्सेन यांनी सोनीच्या छायाचित्र स्पर्धेतलं बक्षीस नाकारलं. आपण पाठवलेला फोटो यंत्राचा आहे आणि तो ओळखू येतो का हेच पाहायचं होतं, असं त्यांनी सांगितलं. आपल्या घराघरांत ही गोष्ट पोचली ती मार्च २०२५ मध्ये, जेव्हा ज्याच्या त्याच्या स्टेटसला कुटुंबाचा फोटो घिबली या जपानी अॅनिमेशन स्टुडिओच्या धर्तीवर आला. आमच्या शाळेच्या ग्रुपवरही आला. त्या स्टुडिओचे हायाओ मियाझाकी यांनी २०१६ मध्ये अशा यंत्रचित्रणाचा एक नमुना पाहून तीव्र नापसंती व्यक्त केली होती, हे फोटो टाकणाऱ्या कुणाच्या गावीही नव्हतं.

तीन तक्रारी आणि एक बचाव

वाद ऐकताना लोक एकमेकांना उत्तरं देताहेत असं वाटतं. नीट ऐकलं तर बहुतेक जण वेगवेगळ्या प्रश्नांवर बोलत असतात.

बचाव असा, की हे अवजार आहे. कॅमेरा अवजार होता, चित्रकार मुळगावकरांच्या हातातला स्प्रेही होता. दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवरची त्यांची ती मऊ, पावडर लावल्यासारखी कातडी ब्रशनं होणारी नव्हती, म्हणून त्यांना कोणी चित्रकार मानायचं थांबलं नाही. रेफिक अनाडोल यांनी न्यूयॉर्कच्या 'मोमा' संग्रहालयाच्या संग्रहावर यंत्र शिकवून भिंतभर हलणारं चित्र केलं, ते २०२२ पासून महिनोन्‌महिने तिथे होतं. असे कलावंत शेकडो निकाल पाहून एक ठेवतात, स्वतःचा संग्रह यंत्राला शिकवतात, वर हातानं काम करतात. त्यांचं म्हणणं असं, की निवड हीसुद्धा कृती आहे.

पहिली तक्रार घेतलेल्या मालाची. ही यंत्रं शिकली कशावर? स्टेबल डिफ्यूजनमागच्या 'लायन-५बी' या संचात इंटरनेटवरून गोळा केलेल्या चित्र-मजकुराच्या ५८५ कोटी जोड्या आहेत. त्यातल्या चित्रकारांना विचारलं नव्हतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये क्रिस्टीजनं फक्त कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कलेचा लिलाव जाहीर केला, तेव्हा तो रद्द करा म्हणणाऱ्या पत्रावर सहा हजारांहून जास्त सह्या झाल्या. लिलाव झालाच. त्यातले काही कलावंत म्हणाले, आम्ही तर स्वतःचीच चित्रं यंत्राला दिली आहेत. दोन्ही बाजू खऱ्या असू शकतात, आणि वाद इथे अडतो.

दुसरी तक्रार पोटाची. ती मोठ्या चित्रकारांची कमी, मुखपृष्ठं करणाऱ्यांची, पाठ्यपुस्तकातली चित्रं काढणाऱ्यांची, स्टोरीबोर्डवाल्यांची जास्त. मकबूल फिदा हुसेन पंढरपूरचे. मुंबईत आल्यावर त्यांनी आधी सिनेमाची पोस्टरं रंगवून पोट भरलं. चित्रकार होण्याच्या वाटेवरची ही खालची पायरी यंत्रानं घेतली, तर वर कोण कसा पोचेल, असा हा प्रश्न आहे. याला उत्तर म्हणून 'नवी कामं निर्माण होतील' असं सांगतात. होतीलही. फ्लेक्सनं झाली होती. ती त्याच माणसांना मिळाली नाहीत.

तिसरी तक्रार कला म्हणजे काय याची. तिच्यावर जरा थांबावं लागेल, कारण तिच्यासाठी लागणारं सामान मराठीत आधीच पडून आहे.

मर्ढेकरांची फुटपट्टी

बा. सी. मर्ढेकरांनी सौंदर्य कशात असतं याचं उत्तर 'लय' असं दिलं. संवेदनांची संवाद, विरोध आणि समतोल या तत्त्वांनी झालेली रचना म्हणजे कलाकृती. ती स्वायत्त असते. चित्रकाराचा हेतू काय होता, त्याचं चरित्र काय, हे बाहेरचे विषय. ही फुटपट्टी प्रामाणिकपणे लावली, तर यंत्रानं दिलेल्या चित्राला नापास करायला कारण उरत नाही. रंगांचा विरोध आहे, समतोल आहे. कुणी काढलं हे विचारायचंच नाही. रूपवादी म्हणवणाऱ्या कित्येकांना हे पचणार नाही, पण त्यांच्या सिद्धांतातून निघतं ते हेच.

गंमत अशी, की त्याच मर्ढेकरांनी १९४१च्या 'वाङ्मयीन महात्मता'मध्ये लेखकाकडे 'आत्मनिष्ठा' मागितली होती. स्वतःच्या अनुभवाशी इमान. यंत्राला अनुभव नाही, तेव्हा इमान कुणाशी? इथे ते सपशेल नापास. म्हणजे एकाच मर्ढेकरांच्या दोन पुस्तकांतून या वादाच्या दोन्ही बाजू मांडता येतात.

आमच्या नांदेडचे नरहर कुरुंदकर या चर्चेत असते तर काय म्हणाले असते, हा मोह मी टाळतो. एवढं खरं, की पीपल्स कॉलेजात शिकवणाऱ्या या माणसानं आय. ए. रिचर्ड्‌सच्या कलामीमांसेवर पुस्तक लिहिलं होतं. रिचर्ड्‌सचा भर कलाकृती पाहणाऱ्याच्या मनात काय घडवते यावर. त्या बाजूनं गेलं तर प्रश्न यंत्राकडून सुटतो आणि प्रेक्षकावर येतो. ढगातला गणपती पाहून हात जोडले गेले की नाही? मंडळापुढे जोडले गेले, हे मी पाहिलं. मोदकाखाली काय आहे हे माहीत असूनही मीही जोडले.

यंत्र कलावंत नाही असं म्हणणारे आणि त्याचं चित्र मात्र चित्रच आहे असं म्हणणारे, यांच्यात म्हणूनच अजून तडजोड नाही. माझा कल पहिल्यांकडे आहे, पण तो कल आहे, सिद्धांत नाही.

कायदा कुठवर आला

भारतातली सगळ्यात बोलकी गोष्ट 'राघव'ची. अंकित साहनी या वकिलांनी स्वतः काढलेला सूर्यास्ताचा फोटो 'राघव' नावाच्या प्रोग्रामला दिला, व्हॅन गॉगच्या 'स्टारी नाइट'ची शैली दिली, आणि दोन्हींतून 'सूर्यास्त' हे चित्र निघालं. चित्राचा लेखक म्हणून फक्त 'राघव'चं नाव टाकलेला अर्ज आपल्या कॉपीराइट कार्यालयानं फेटाळला. साहनी आणि राघव असे दोघे सहलेखक दाखवलेला अर्ज २०२० मध्ये नोंदवून घेतला. वर्षभरानं नोंद मागे घेण्याची नोटीस काढली. अमेरिकेच्या कार्यालयानं तोच अर्ज डिसेंबर २०२३ मध्ये नाकारला. कॅनडानं नोंदवला होता, तिथे तो आव्हानात सापडला. एक चित्र, तीन देश, तीन तऱ्हा.

आपल्या १९५७च्या कायद्यात १९९४च्या दुरुस्तीनं एक कलम आलं. कॉम्प्युटरनं निर्माण केलेल्या कृतीचा लेखक कोण, तर ती निर्माण व्हायला जी व्यक्ती कारणीभूत झाली ती. तेव्हा हे डीटीपी आणि ग्राफिक्सच्या जमान्याला पुरेसं वाटलं असणार. आज 'कारणीभूत' या शब्दात सूचना टाइप करणारा बसतो, प्रोग्राम बनवणारी कंपनी बसते आणि ताणलं तर ज्यांच्या चित्रांवर यंत्र शिकलं ते हजारो जणही. अमेरिकेनं जानेवारी २०२५ मध्ये नुसत्या सूचनेनं कुणी लेखक होत नाही, माणसाची निवड आणि फेरफार जेवढे दिसतील तेवढ्यालाच संरक्षण, अशी भूमिका घेतली. आपल्याकडे तेवढीही स्पष्टता नाही.

शैलीचं तर आणखी अवघड. कल्पनेवर मालकी नाही, मांडणीवर आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात ठरवलं. चित्रकार दलालांसारखं चित्र काढणं कधीच गुन्हा नव्हता. निम्मे मराठी कमर्शियल आर्टिस्ट तसेच शिकले. एक माणूस दहा वर्षं घासून दलालांसारखं काढायला शिकतो आणि यंत्र ते सेकंदात सगळ्यांना वाटतं, हा फरक प्रमाणाचा की जातीचा, यावर कायदा गप्प आहे.

आवाजाच्या बाबतीत न्यायालयं जास्त झटपट हलली. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अरिजित सिंग यांच्या आवाजाची नक्कल करणाऱ्या साधनांना अंतरिम मनाई केली. सप्टेंबर २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या अर्जावर त्याच न्यायालयानं म्हटलं, की प्रसिद्ध व्यक्तीचा आवाज तिच्या परवानगीशिवाय कुणालाही वापरू देणारं यंत्र पुरवणं हा तिच्या व्यक्तिमत्त्वाच्या हक्काचा भंग आहे. परवानगी घेतली तर काय होतं याचंही उदाहरण आहे. जानेवारी २०२४ मध्ये ए. आर. रहमान यांनी दोन दिवंगत गायकांचे आवाज एका तमिळ गाण्यासाठी यंत्रानं उभे केले, तेव्हा कुटुंबांची संमती घेतली आणि मोबदलाही दिला. याउलट २०१३चा 'रांझणा' ऑगस्ट २०२५ मध्ये तमिळमध्ये पुन्हा आला तो यंत्रानं बदललेला शेवट घेऊन. दिग्दर्शक आनंद राय आणि नट धनुष यांनी जाहीर हरकत घेतली. हक्क निर्मिती कंपनीकडे होते. पण आवाज आणि चेहरा एका माणसाचे असतात, दाखवता येतात. खडूनं आखलेल्या 'कृ'चा वळसा कुठल्या न्यायालयात दाखवायचा?

यंत्रं शिकवण्यासाठी घेतलेल्या मालाचं काय, यावर जगभर निकाल एकमेकांना छेद देतात. अमेरिकेत अँथ्रॉपिक कंपनीविरुद्ध लेखकांनी केलेल्या दाव्यात जून २०२५ मध्ये न्यायाधीशांनी विकत घेतलेल्या पुस्तकांवर यंत्र शिकवणं रास्त मानलं, चोरीच्या प्रती साठवणं मानलं नाही. पुढे १५० कोटी डॉलरची तडजोड झाली. लंडनच्या न्यायालयात गेटी इमेजेस ही फोटो विकणारी संस्था नोव्हेंबर २०२५ मध्ये स्टेबल डिफ्यूजन बनवणाऱ्या स्टेबिलिटी कंपनीविरुद्ध बहुतांशी हरली. आपल्याकडे एएनआय वृत्तसंस्थेनं २०२४ मध्ये ओपनएआयला दिल्ली उच्च न्यायालयात खेचलं.

डिसेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या उद्योग संवर्धन विभागाच्या समितीनं एक वेगळीच वाट सुचवली. कंपन्यांना रीतसर मिळालेल्या सगळ्या साहित्यावर यंत्र शिकवायची मुभा, निर्मात्याला 'नाही' म्हणायचा हक्क नाही, पण कंपनीच्या उत्पन्नातला वाटा रॉयल्टी म्हणून एका मध्यवर्ती संस्थेमार्फत त्याच्यापर्यंत. समितीतल्या नॅसकॉम या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या संघटनेनं वेगळं मत नोंदवलं. त्यांना रॉयल्टीशिवाय मोकळीक हवी होती. नकाराचाच हक्क जातो, ही निर्मात्यांच्या बाजूनं घेता येणारी हरकत. मला या योजनेत एक साधी अडचण दिसते. रॉयल्टी संघटनांमार्फत वाटली जाणार. गायक-गीतकारांच्या संघटना आहेत. फ्लेक्सपूर्व पेंटरांची, मुखपृष्ठवाल्यांची, तालुक्याच्या कलाशिक्षकांची कुठे आहे?

ज्यांची सही कधीच नव्हती

वारली चित्रं मुळात सवाष्णींनी लग्नघराच्या भिंतीवर काढायची. सही नाही; चित्राचा चौक लग्नापुरता, ते झालं की काम झालं. जिव्या सोमा मशे यांनी ते कागदावर आणलं, जगभर नेलं. २०१४ मध्ये वारली चित्रांना भौगोलिक मानांकन मिळालं. आज कुठल्याही यंत्राला 'वारली शैलीत' म्हटलं की त्रिकोणी माणसं गोल नाचू लागतात. मानांकन नावाला सांभाळतं, त्रिकोणाला नाही. आमच्या रस्त्यानं भैंसा ओलांडून पुढे गेलं की निर्मल; तिथल्या लाकडी खेळण्यांचं आणि चित्रांचंही तेच. कॉपीराइट एका माणसाला ओळखतो, आणि ही कला एका माणसाची नाही. या वादाचा हा भाग बाहेरच्या लेखांत क्वचित येतो. माझ्या मते आपल्याकडे तोच सगळ्यात मोठा आहे.

आणि उलट टोकाचंही एक. मी उत्सुकतेनं यंत्राला 'भोकरचा आठवडी बाजार' काढायला सांगितला. राजस्थानी पगड्या आल्या, मागे किल्ला आला, हळदीच्या ढिगाशेजारी उंट उभा राहिला. पाट्यांवरची अक्षरं लांबून देवनागरी आणि जवळून काहीच नाही. आमचे पेंटर चोरीला गेलेले नाहीत, हे त्यावरून कळलं. त्यांचे फोटोच कोणी काढले नव्हते. याचं बरं वाटून घ्यावं की वाईट, हे मला ठरवता आलेलं नाही.

वर्गात

शाळेपुरतं पाहिलं तर वाद स्मरणचित्राच्या पेपरला येऊन टेकतो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय परीक्षांत तो असतो. इंटरमिजिएटच्या श्रेणीचे दहावीला ७, ५ किंवा ३ गुण वाढतात, त्यामुळे पालकांचंही लक्ष असतं. विषय द्यायचा, पोळा किंवा बसस्टँड, आणि मुलानं पाहिलेलं आठवून काढायचं. आता मुलं फोनवर पोळ्याची चार चित्रं काढून घेतात, एक पाठ करतात आणि परीक्षेत उतरवतात. परीक्षकाला ओळखू येत नाही. हे ऐकून सहकारी हळहळतात, पण पूर्वी तरी काय होतं? बाजारात स्मरणचित्राची गाइडं मिळायची, आणि जिल्हाभर एकच पाठमोरी बाई एकच घागर घेऊन विहिरीवर जायची. मीही तीच काढून पास झालो. यंत्रानं निदान बायका वेगवेगळ्या केल्या.

वर्गाबाहेरही चित्र कुणाचं हा प्रश्न आहेच. त्या सरकारी समितीच्या अहवालाचा पुढचा भाग यंत्रनिर्मित कृतीचा लेखक कोण याबद्दल असायचा होता. फेब्रुवारी २०२६ मध्ये इंटरनेटवरच्या, खऱ्या वाटतील अशा यंत्रचित्रांवर तसं लेबल लावण्याचा नियम आला. आधीच्या मसुद्यात लेबलानं चित्राची १० टक्के जागा व्यापावी असं होतं, ती अट गळली. हे मी त्या ऑपरेटर मुलाला सांगितलं. म्हटलं, उद्या कुणी विचारलं की हे चित्र कुणाचं, तर खाली कुणाचं नाव टाकशील?

त्यानं स्क्रीनवर बॅनरचा वरचा भाग मोठा केला. तिथे मंडळाच्या अध्यक्षाचा गॉगल घातलेला फोटो होता आणि त्याखाली हातभर अक्षरांत नाव.

"ज्यानं पैसे दिले त्याचं नाव वर हायेच की, सर."

कायद्यातला 'कारणीभूत' हा शब्द त्याला माहीत नव्हता.